ताटीआडून वाजलेली लग्नं

रहीमभाई अकोल्याहून मिळेल त्या गाडीनं अमरावतीला आले, तेव्हा मी दुपारच्या शाळेत निघायच्या गडबडीत होते. दार उघडलं तर समोर ते उभे, डोक्यावरची टोपी हातात घेतलेली. अकोल्याच्या आमच्या घराला लागून त्यांचं मोटारीच्या बॅटऱ्या भरून देण्याचं दुकान. कामाशिवाय कधी गाव न सोडणारा हा माणूस असा दारात दिसला तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण मी आपली चहा ठेवते म्हणून आत वळले. "च्या राहू द्या बाई. पयले खाली बसा," ते म्हणाले. मी बसले. तेही समोर बसले आणि बराच वेळ टोपीची शिवण चाचपत राहिले... "तुमची वयनी गेली. सकाळी दार वाजोलं, आवाज दिला, काईच नाई. मंग कडी तोडली आमी. झोपीतच गेली बिचारी. तार करनार होतो. पन मनलं, तारेनं असं सांगनं बरं नाई."

सुभद्रावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. तिच्या जाण्याला आता दीड महिना होत आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख यावा असं तिनं काही केलेलं नव्हतं. तरीही लिहिते आहे, कारण अकोला, तेल्हारा, दर्यापूर या भागात काही वर्षांपूर्वी ज्यांची लग्नं लागली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या तिनं लावलेल्या गाण्यांवर. नवरी निघाली तेव्हा मागे जे गाणं वाजत होतं, ते अजून त्यांच्या कानात असेल. ते कोणी लावलं होतं, हे त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असतं तर पुष्कळांनी ते बंद करायला लावलं असतं.

आमचं घर फुलमाळ्यांचं. मोर्णा नदीच्या बाजूला थोडा मळा होता. झेंडू, शेवंती, मोगरा निघायचा, आणि लग्नसराईत आमच्याकडे हार, मुंडावळ्यांचं काम असायचं. दादा हार पोचवायला गावोगाव जायचा. अशाच एका लग्नात त्यानं पहिल्यांदा लाऊडस्पीकर ऐकला आणि तो वेडा झाला. घरी येऊन वडिलांपुढे बसला आणि म्हणाला, "बाबा, फुलं संध्याकाळपावतर कोमेजतात. गानं नाई कोमेजत." वडील महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. शेवटी तो नागपूरला गेला आणि सामान घेऊनच आला. आवाज मोठा करणारं एक मशीन, चावी भरून फिरवायचा बाजा, दोन मोठे भोंगे आणि पेटीभर तबकड्या. गावांत तेव्हा वीज कुठली! मोटारीची बॅटरी जोडून सगळं चालायचं, म्हणून शेजारच्या रहीमभाईंशी दोस्ती झाली ती कायमची. त्याच सुमारास दादाला मुलगी झाली, कुसुम. दादानं पेंटर बोलावून दोन्ही भोंग्यांच्या तोंडाभोवती लाल अक्षरांत तिचं नाव घालून घेतलं, 'कुसुम लाऊडस्पीकर, अकोला'. त्या वेळी सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं.

वहिनीला आमच्याकडे येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. ती अबोल नव्हती, पण घरात आवाज चढवून बोलायची सोय सुनांना नसते, तशी ती हळू बोलायची. दुपारभर ओसरीवर हार गुंफत बसायची आणि दादा तबकड्या लावून बघायचा. "आता काय लावू?" तो विचारायचा. ती दोरा दातानं तोडता तोडता म्हणायची, "वरात निंगाली असन तर हे. पन पोरीची माय रडून राह्यली असन तर हे नोका लावू, थांबा जराशीक." त्याला त्याची गंमत वाटायची. पुढे पुढे तो लग्नाला निघण्याआधी तिच्याकडूनच तबकड्या क्रमानं लावून घ्यायचा, पहिली कोणती, जेवणाच्या पंगतीला कोणत्या, पाठवणीला कोणती. ती स्वतः मात्र कधी कुठल्या लग्नात वाजवताना गेली नव्हती. जायचा प्रश्नच नव्हता.

आणि मग मूर्तिजापूरकडच्या एका गावी, कडुलिंबावर भोंगा बांधताना दादा पडला. भोंगा वर नीट बांधलेला होता, तो तसाच राहिला. माणूस खाली आला...

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मला सलग आठवत नाही. मी तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते. घरी आले की ओसरीवर वहिनी दिसायची, कपाळ मोकळं, हात पूर्वीसारखेच हार गुंफत असलेले. तिच्या हातचे हार लग्नाच्या मांडवांत जात होते. ते कोणी गुंफले हे कोणी विचारत नव्हतं, आणि आम्हीही सांगत नव्हतो. आमच्यात पाट लावतात, विधवेचं दुसरं लग्न होतं. चांगल्या घरचा एक बिजवर सांगून आला होता. आईनं विचारलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "मले एक संसार पुरला, मामीजी." मशीन, भोंगे सगळं जुन्या धोतरात गुंडाळून माडीवर ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं की विकून टाकायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं.

गिऱ्हाईक आलं ते वेगळंच. तेल्हाऱ्याकडचे एक पाटील मुलीच्या लग्नाचं सांगायला आले. दादानं त्यांना कधीतरी शब्द दिला होता. तो गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकून ते हळहळले, पाणी प्यायले आणि उठता उठता म्हणाले, "मंग आता काय, दुसरा पाहा लागन." तेव्हा आतल्या दारातून वहिनीचा आवाज आला. "शब्द घरचा हाये. मशीन येईन." वडील चमकून मागे वळले. पाटलांनीही मान वळवून पाहिलं, पण दारात कोणी नव्हतं. ती आत गेली होती. पाटलांना वाटलं, घरातला दुसरा कोणी पुरुष वाजवणार असेल. "बरं," म्हणून ते गेले.

ते गेल्यावर घरात जे झालं ते सगळं मी लिहीत नाही. आई रडली. वडील म्हणाले, "लग्नाच्या मांडवात तू पाय ठेवशीन? लोक काय म्हनतीन?" वहिनी खाली मान घालून उभी होती. "मी मांडवात नाई जात. भोंगा मांडवात रायते, मशीन कुठीबी ठेवता येते. तार लांब असली म्हंजे झालं." मग म्हणाली, "पोट्टीले खाऊ कोन घालनार हाये मामाजी, तुमी थकल्यावर?" वडिलांनीच मग रहीमभाईंना बोलावलं. भोंगे बांधायचं आणि मांडवात हजर राहायचं काम त्यांनी पत्करलं. बाईमाणसानं एकटीनं जाऊ नये म्हणून सोबतीला मी.

तेल्हाऱ्याला बसनं आणि पुढे पाटलांनी धाडलेल्या बैलांच्या दमणीतून आम्ही पोचलो. मांडवाच्या मागच्या अंगाला कापसाचा कोठा होता. त्याच्या आडोशाला तुरट्यांची ताटी उभी केलेली, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या बांधून केलेला पडदा. त्या ताटीमागे वहिनीनं मशीन मांडलं. रहीमभाई मांडवात एका खुर्चीवर, पुढे टेबल, टेबलावर माईक. वऱ्हाडी त्यांनाच वाजवणारा समजून पानसुपारी देत होते. वहिनी ताटीच्या फटीला डोळा लावून बसली. तिला दिसायचं थोडं. नवरदेवाचे पाय, कोणाच्या तरी लुगड्याचा काठ, धावणारी पोरं. पण त्या तेवढ्यावरून तिला मांडवात काय चाललंय ते कळायचं. मानपानावरून दोन्हीकडची माणसं वर्दळीवर आली, आवाज चढले, तशी तिनं एक खेळकर गाणं लावलं आणि मुद्दाम आवाज वाढवला. भांडणाऱ्यांना एकमेकांचं ऐकूच येईना. मग कोणीतरी हसलं, आणि निभावलं. पाठवणीच्या वेळी तिनं हात वर धरून मला गप्प राहायची खूण केली. बाहेर मुलीची आई हुंदके देत होती. वहिनी थांबली. तो पहिला कढ ओसरू दिला, आणि मग अगदी बारीक आवाजात गाणं सोडलं... त्या गावच्या बाया नंतर कितीतरी दिवस त्या पाठवणीचं सांगत होत्या म्हणे.

अशा आमच्या तीन-चार लग्नसराया चांगल्या चालल्या. माझं मधल्या काळात लग्न झालं, अमरावतीला नोकरी लागली, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. मला ते दिवस आवडायचे. उन्हानं तापलेल्या त्या ताटीमागे आम्ही दोघी, मधे फिरणारी तबकडी, आणि पलीकडे सगळं गाव आनंदात. वहिनीला ह्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "वाईट काहून वाटन? हात तर माह्याच हाये ना त्यायच्या लग्नात."

पण ते फार दिवस झाकून राहणारं नव्हतं. एका गावी, पाटलांच्याच सोयऱ्यांकडे, भर दुपारी पंगती चालू असताना नवरीची आत्या जास्तीच्या पत्रावळी शोधत कोठ्याकडे आली आणि सरळ ताटीमागे शिरली. समोर वहिनी. मोकळं कपाळ, मोकळे हात, मांडीवर तबकड्या. आत्याबाई क्षणभर बघत राहिल्या आणि ओरडल्या, "अवं माय! रांडमुंड बाई बसली हाये व इथं!" माणसं धावली. आलेल्यांपैकी कोणी काही विचारलं नाही, कोणी शिवीही दिली नाही, ते मला जास्त लागलं. यजमान पुढे आले आणि रहीमभाईंना म्हणाले, "बंद करा." गाणं मधेच तुटलं. नवरीच्या आजीनं तिथल्या तिथे मीठ-मोहऱ्या मागवल्या आणि पोरीवरून उतरवल्या. त्या पोरीकडे माझं लक्ष गेलं. ती वहिनीकडे बघत होती, भ्यालेली. थोड्या वेळापूर्वी तिच्याच अंगावर हळद चढताना वहिनीनं निवडून निवडून गाणी लावली होती.

वहिनीनं तबकड्या एकेक करून नुसत्या कडेनं उचलल्या, मऊ फडक्यानं पुसल्या आणि कागदी पाकिटात घातल्या. परतीच्या वाटेवर दमणीत ती बराच वेळ वावरांकडे बघत बसली होती. मग मला म्हणाली, "विमलबाई, आयकलं तव्हा चाललं त्यायले. पाह्यलं तव्हा नाई चाललं." आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

त्या हंगामात पुन्हा कोणी आलं नाही. सभा, बाजारातल्या जाहिराती, कुठे एखादी जत्रा, एवढ्यावर निभावत होतं. लग्नाला मात्र कोणी बोलवेना. धर्मांतराला तेव्हा फार काळ झालेला नव्हता. एके दिवशी दर्यापूरहून तायडे गुरुजी नावाचे शिक्षक आले. पांढरं धोतर, कोट, काखेत छत्री. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, बौद्ध पद्धतीनं. गावातलं तसं पहिलंच. ओसरीवर बसून ते सरळ वहिनीशी बोलले, वडिलांशी नाही. "ताई, तुमच्यासंगं त्या गावात काय झालं ते आयकलं मी. आमाले भोंगा पाह्यजे. पन एक अट हाये." वहिनीनं मान वर केली. गुरुजी म्हणाले, "वाजोनारं मानूस मांडवात बसलं पाह्यजे. ताटीमागं नाई. आमच्यात आता मुहूर्त नाई पाह्यत, अन् बाईचं कपाळबी नाई पाह्यत."

मी त्या लग्नाला होते, आणि वहिनीला त्या दिवशी जशी पाहिली तशी पुन्हा कधी पाहिली नाही. मांडवाच्या मधोमध टेबल मांडलेलं. वर पांढरं कापड. ती खुर्चीच्या अगदी टोकाला बसली होती, कोणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. सुरुवातीला तिला काही सुचेना. समोर सगळंच दिसत होतं. नवरी, नवरदेव, माणसांचे चेहरे. इतकी वर्षं फटीतून बघणाऱ्या माणसाला एवढं एकदम दिसलं की घाबरायला होत असेल. वंदना झाली. गुरुजींनी पाहुण्यांचं हार घालून स्वागत केलं आणि शेवटचा हार घेऊन नवरीची आई वहिनीपुढे आली. वहिनी उठून उभी राहिली. जन्मभर हार गुंफणाऱ्या त्या बाईच्या गळ्यात दादा गेल्यापासून हार पडला नव्हता. तो काढून ठेवायचा की तसाच राहू द्यायचा हे तिला कळेना. तिनं तो तसाच राहू दिला आणि तबकडी लावली. झेंडू साधाच होता, गुंफणही सैल होती. घरी आल्यावर तिनं तो हार उसवला आणि नीट घट्ट गुंफून कुसुमच्या अभ्यासाच्या फळीवर लावून ठेवला. कुसुमनं तो दुसऱ्या दिवशी काढून टाकला.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण त्या लग्नाची बातमी आमच्या जातभाईंत पोचायला वेळ लागला नाही. आता विधवेचा प्रश्न मागे पडला. "त्यायच्या मांडवात वाजलेला भोंगा आमच्या पोरीच्या लग्नात नोको," असं लोक स्पष्ट सांगू लागले. सभांची, जत्रांची कामंही गेली. नातलगांत बोलणी झाली, वडिलांना बैठकीत बोलावून चार गोष्टी सुनावल्या गेल्या. वडील घरी येऊन वहिनीला फक्त एवढंच म्हणाले, "तू त्यायच्याकडे जानं बंद कर, मी बाकीच्यायले समजोतो." वहिनी म्हणाली, "मामाजी, त्यायनं मले बसोलं. मी कशी उठू?" ती जात राहिली. दर्यापूर, अंजनगाव, पार मूर्तिजापूरपर्यंत. ते लोक मोलमजुरी करणारे, सराई छोटी, वर्षाचे बाकीचे महिने रिकामे. त्यात घर कसंबसं चालायचं. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. मळा विकावा लागला. उरल्या रस्त्याकडेच्या दोन खोल्या, ती आणि कुसुम.

आणि कुसुम मोठी होत होती. शाळेत तिला पोरी 'भोंग्याची कुसुम' म्हणत. बापानं कौतुकानं घातलेलं नाव गावोगाव झाडांवर चढत होतं, आणि ते आपलं आहे हे तिला पुसता येत नव्हतं. एकदा मी गेले असताना मायलेकींचं बोलणं माझ्या कानावर पडलं. कुसुम म्हणत होती, "आई, तू सगळ्यायच्या लग्नात वाजोते. माह्यं लग्न कोन करन?" कुसुम वाईट मुलगी नव्हती. तिला फक्त इतर पोरींसारखं जगायचं होतं.

मोर्शीकडचं स्थळ माझ्या यजमानांच्या ओळखीतून आलं. संत्र्याचा बगीचा, एकुलता मुलगा, माणसं शिकलेली म्हणण्याजोगी. मुलगी पसंत पडली. मग मुलाचे काका एकटे येऊन बसले आणि म्हणाले, "बाकी काई नाई बाई. फक्त ते भोंग्याचं काम बंद झालं पाह्यजे. आमच्या सुनंचं नाव भोंग्यावर लिहून गावोगाव फिरवलं, ते आमाले बरं नाई दिसत. अन् तुमी त्या लोकायच्या लग्नाले जानार नाई, असा शब्द द्या." वहिनीनं कुसुमकडे पाहिलं. कुसुम दारामागे उभी होती, डोळ्यांत पाणी. "आई, दे ना," ती म्हणाली. "देतो," वहिनी म्हणाली. "शब्द देतो."

मशीन अकोल्यातल्याच एका नव्या लाऊडस्पीकरवाल्यानं घेतलं. न्यायच्या आधी रहीमभाईंनी भोंग्यांवरची अक्षरं काळ्या रंगानं झाकून दिली. वहिनी बाहेर आली नाही. तबकड्यांची पेटी सोबत दिली, एकही ठेवून घेतली नाही. मी म्हटलं, "वयनी, एखादी तरी ठेव." ती म्हणाली, "बाजाच नाई तर तबकडी कायले? पाह्याले?"

कुसुमचं लग्न मोर्शीला, दुपारच्या मुहूर्तावर. वहिनी मुलीची आई, पण विधवा. म्हणून कन्यादानाला मी आणि माझे यजमान बसलो. विधी आटोपून मी आत आले तर ती धान्याच्या खोलीत एका पोत्यावर बसलेली. बाहेर अमरावतीहून आणलेला लाऊडस्पीकर वाजत होता. वाजवणारा नवखा असावा. पाठवणीचं गाणं लावलं आणि तबकडी एका जागी अडकली. दोनच शब्द, तेच ते, पुन्हा पुन्हा. बाहेर पोरं खिदळू लागली, मग मोठी माणसंही. कुसुम निघायला उभी होती, रडत होती, आणि मागून तेच दोन शब्द. वहिनी उठली. दाराच्या चौकटीपर्यंत आली. अंगणात लांब टेबलाशी तो पोरगा गोंधळून बाज्याची चावी फिरवत होता. कोणीतरी जाऊन पिन उचलायची, बस. मी म्हटलं, "जा ना." तिनं चौकट घट्ट धरली. "शब्द देला हाये," ती म्हणाली आणि पोत्यावर जाऊन बसली. कुसुम गेली तेव्हा बाहेर लोक हसत होते.

एवढं करून पोर सुखी झाली असती, येत-जात राहिली असती, तर वहिनीनं ते सगळं विसरून टाकलं असतं. पण सासरच्यांनी कुसुमला माहेरी धाडलं नाही. पहिल्या दिवाळीला म्हणाले, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले होते. बाळंतपणही तिकडेच झालं. दोनदा वहिनी मोर्शीला गेली. ओसरीवर बसवून चहा दिला, नातू दाखवला, आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ सांगितली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा कुसुमनंच हळूच सांगितलं, "आई, तू नोको येत जाऊ. तू गेल्यावर मले आयका लागते." ती पुन्हा गेली नाही.

मधे एकदा तायडे गुरुजी आले होते, हे मला रहीमभाईंनी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. वहिनीनं मशीन विकल्याचं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "मशीन आमी आनतो ताई. तुमी नुसत्या बसा. तुमच्या हातानं वाजलं पाह्यजे." ती ओट्यावर फुलांची पाटी घेऊन बसली होती. "मी शब्द देऊन बसली, गुरुजी," ती म्हणाली. "कोनाले?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. गुरुजींना लागलं असणार, लागायलाच हवं. ज्या माणसांनी तिला मांडवात बसवलं, त्यांच्याच मांडवात न जाण्याचा शब्द तिनं दिला होता, आणि ज्यांना दिला त्यांनी तिला ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही. गुरुजींनी नमस्कार केला आणि छत्री उचलून ते निघून गेले. त्या संध्याकाळी वहिनीनं हार गुंफले नाहीत, फुलं पाटीतच सुकली, असं रहीमभाई म्हणाले.

पुढची वर्षं ती बाजारात हार विकून जगली. मी दर सुट्टीत जायचे, अमरावतीला चल म्हणायचे. यायची, आठ दिवस राहायची, परत जायची. माझ्या घरी ट्रान्झिस्टर आला तेव्हा मला वाटलं, तिला बरं वाटेल. मी लावला की ती काहीतरी काम काढून अंगणात जायची. आजार असा काही नव्हता. फक्त दर खेपेला ती आधीपेक्षा थोडी कमी बोलायची. तिला काय झालं होतं, याचं उत्तर डॉक्टरकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. तिनं कोणाचं वाईट केलं नाही, कोणावर आरोप केला नाही. जे केलं ते पोरीसाठी केलं, आणि पोरीला त्याचा उपयोग झाला नाही. याच्यातून काही अर्थ काढावा असा मी पुष्कळ प्रयत्न केला... नाही निघत.

दहाव्याला कुसुम आली. एकटीच, सकाळी येऊन संध्याकाळी परत जायच्या बोलीवर. तिनं रडून घेतलं, मग आम्ही दोघी वहिनीची भांडी आवरायला बसलो. खोलीत दुसरं आवरण्यासारखं काही नव्हतंच. फळीवर चार पितळी ताटं ओळीनं उभी होती, घासून लख्ख. वहिनी जेवण झालं की ताट धुऊन दोन्ही तळव्यांच्या मधे, नुसत्या कडेनं उचलायची. मधे बोट लागू द्यायची नाही. मग मऊ फडक्यानं ते गोल गोल पुसायची, आतून बाहेर, आणि उजेडासमोर तिरपं धरून बघायची. मशीन आणि तबकड्या गेल्यावरही, अगदी शेवटपर्यंत, तिचे हात तसेच चालत राहिले. माझ्या घरी यायची तेव्हा मोलकरीण तिला हसायची. मी ते कुसुमला सांगणार होते. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात कुसुमनं फळीवरचं पहिलं ताट ओढलं, अंगठा मधोमध दाबून, जसं आपण सगळेच धरतो तसं, आणि पोत्यात टाकलं. मग दुसरं. ताटांचा आवाज झाला. लख्ख पितळेवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला मला दिसत होता. "आत्या, पाचची गाडी हाये माही," ती म्हणाली. मी उरलेली दोन ताटं काढून तिच्या हातात दिली.